सावित्रीकाठचं शेजवान

रायगड जिल्ह्याच्या खाण्यावर लेख आला की त्यात काय असणार हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. थंडीत शेतात लागणारी पोपटी, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, खाडीची मासळी, गणपतीतलं अळूचं फदफदं. हे सगळं आहे आणि त्याची गोडी तसूभरही कमी झालेली नाही. पण दिवेलागणीला महाडच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे चालत निघा, किंवा पोलादपूरला जिथे महाबळेश्वरचा फाटा फुटतो तिथे थोडा वेळ थांबा, आणि माणसं घराबाहेर पडून, खिशातले पैसे मोजून काय खातात ते पाहा. मंच्युरियन. ट्रिपल राईस. लॉलीपॉप. सोयाबीन चिली. पावसाळा असेल तर मंचाव सूप. एक अख्खी पिढी या ताटांवर वाढली, तिच्या वाढदिवसाच्या पार्ट्या, परीक्षा संपल्याचा आनंद आणि पहिल्या पगाराची मेजवानी याच टेबलांवर झाली, आणि तरी कोकणच्या खाद्यपरंपरेवर लिहिताना या पदार्थांचं नाव कोणी काढत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. हे पदार्थ आता इथले आहेत. त्यांना वंशावळ आहे, त्यांच्यामागे कसब आहे आणि त्यांची नोंद व्हायला हवी.

पाट्या सगळीकडे ओळखीच्या. लाल रंग, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात वळसे घालणारा ड्रॅगन. सगळ्यात साधी ती हातगाडी: एक भट्टी, एक कढई आणि काचेच्या कपाटात दुपारीच तळून ठेवलेला मंच्युरियनच्या गोळ्यांचा ढीग. तिच्याहून थोडं मोठं ते ‘चायनीज सेंटर’ नाहीतर ‘चायनीज कॉर्नर’, चार-सहा प्लास्टिकची टेबलं आणि स्टीलच्या जगमधलं पाणी. आणि महामार्गालगतची मोठी हॉटेलं, जिथे एकाच मेनूकार्डात मालवणी, पंजाबी आणि चायनीज ही तीन घराणी सुखाने नांदतात. तिन्ही ठिकाणची यादी जवळजवळ सारखी असते. यादीच्या तळाशी मात्र प्रत्येकाचा स्वतःचा स्पेशल असतो, पुष्कळदा हॉटेलच्याच नावाचा राईस. कोंबडी, अंडं, कोळंबी, काजू, अलीकडे चीजसुद्धा, असं जे म्हणून स्वयंपाकघरात हाताशी आहे ते त्यात पडतं. मला या तळच्या ओळीचं फार कौतुक आहे. वरची यादी सगळ्यांची, पण ही ओळ त्या एका कारागिराची असते.

कसब म्हणतो ते काय, हे बघायचं तर गिऱ्हाईक यायच्या आधी, दुपारी जायला हवं. मंच्युरियनची खरी परीक्षा कोबीत आहे. कोबी आणि गाजर अगदी बारीक चिरायचं, मीठ लावून ठेवायचं आणि सुटलेलं पाणी मुठीत धरून पिळून काढायचं. इथे आळस केला तर पीठ जास्त लागतं, आणि पीठ जास्त झालं की गोळा आतून गिच्च राहतो. मैदा भाजीला धरून ठेवतो, कॉर्नफ्लॉवर कवच कुरकुरीत करतं. दोन्हींचं प्रमाण कोबी किती ओला आहे त्यावर ठरतं, म्हणून पावसाळ्यातलं माप उन्हाळ्यात चालत नाही. ते कुठे लिहिलेलं नसतं, हाताला कळतं. गोळे पहिल्यांदा मध्यम आचेवर तळून बाजूला ठेवतात. ऑर्डर आली की दुसऱ्यांदा, कडक तेलात. पहिल्या तळणीत आतलं शिजतं, दुसरीत बाहेरचं पाणी उडून जातं.

पुढचं सगळं मिनिटा-दोन मिनिटांचं काम. चायनीजच्या भट्टीचा जाळ घरच्या शेगडीच्या कितीतरी पट मोठा असतो. ती पेटली की बोलणं ऐकू येत नाही. तेल धुरावलं की ठेचलेला लसूण, आलं, हिरवी मिरची. लसूण करपायच्या आत भाज्या. सोया सॉस थेट मधे न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडायचा, म्हणजे तो खाली येईपर्यंत चरचरतो आणि त्याचा कच्चा वास जातो. मग पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर, जे उकळी येताच रस घट्ट करतं आणि त्याला चकाकी आणतं. व्हिनेगर अगदी शेवटी, कारण आंबटपणा फार शिजवला की उडून जातो. एका हातात कढई उसळत असते, दुसऱ्या हातातली पळी तेवढ्यात चार डब्यांतून जिन्नस उचलून आणते. या कारागिरांच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग असतात. रस्त्याकडेच्या कढईत रोज सात-आठ तास हे करणं म्हणजे काय, याचा विचार आपण प्लेट पुढे ओढताना क्वचितच करतो.

मंच्युरियन चीनमधल्या मंचुरियात कोणी खात नाही, हे आता बहुतेकांना माहीत असतं. तो मुंबईचा आहे. त्याच्या जन्माची सर्वांत जास्त सांगितली जाणारी हकीकत नेल्सन वांग यांची. कोलकात्यातल्या चिनी कुटुंबात जन्मलेले वांग मुंबईत आले आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात काम करू लागले. १९७५ च्या सुमारास एका गिऱ्हाइकाने यादीबाहेरचं काहीतरी मागितलं. वांग यांनी कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळले आणि आलं, लसूण, हिरवी मिरची परतली. इथवरचा पाया आपल्याकडच्या कोणत्याही रश्श्याचा. पण पुढे गरम मसाल्याऐवजी त्यांनी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरने रस दाट केला. १९८३ मध्ये त्यांनी केम्प्स कॉर्नरला ‘चायना गार्डन’ काढलं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९७३ मध्ये, ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झालं होतं आणि सिचुआन प्रांताच्या तिखट स्वयंपाकाशी मुंबईच्या श्रीमंतांची ओळख करून दिली होती. त्याआधीचं मुंबईतलं चिनी जेवण प्रामुख्याने कँटनच्या सौम्य वळणाचं, चर्चगेटच्या ‘कामलिंग’सारख्या ठिकाणी मिळणारं.

वांग यांच्यामागे मोठा इतिहास उभा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, कोलकात्याजवळ एका चिनी व्यापाऱ्याने साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाने तिथे आजही अछीपूर हे गाव आहे. पुढे चामडं कमावणारे हक्का, सुतारकाम करणारे कँटनी, दात बसवणारे हुपे अशा वस्त्या झाल्या. मुंबईत माझगाव भागात खलाशी आणि दुकानदार स्थिरावले. तिथलं क्वान कुंगचं मंदिर १९१९ मधलं आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारतात जन्मलेल्या, इथलीच भाषा बोलणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, काहींना अनेक वर्षं. सुटून आल्यावर अनेकांची घरं-दुकानं गेलेली होती. कित्येक देश सोडून गेले. जे राहिले त्यांच्यातल्या अनेकांच्या हाताशी उरलेला भरवशाचा धंदा होता स्वयंपाकघर. महाडला बसून मंच्युरियन खाताना देवळीची आठवण ठेवणं मला आवश्यक वाटतं. ज्यांना आपण परके ठरवून कुंपणात घातलं त्यांच्याच समाजातल्या माणसाच्या हातून हा पदार्थ आपल्याला मिळाला.

पण पंचतारांकित हॉटेलातून पदार्थ महाडला येत नाही. तो येतो चाकरमान्यांबरोबर. महाड-पोलादपूरच्या डोंगरातली शेती वर्षभर पुरत नाही. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, आणि मग पोटासाठी मुंबई, हा इथला कित्येक पिढ्यांचा क्रम. गिरणी, गोदी, पोलीस खातं, हॉटेलं. लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या नावाने खोल्या होत्या, तिथे एकाच गावची पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांची चूल विझली. त्यानंतरच्या वर्षांत गिरणगावच्या नाक्यांवर ज्या गाड्या दिसू लागल्या त्यांत वडापाव, भुर्जीपाव आणि चायनीज होतं. श्रीमंतांच्या हॉटेलात चांदीच्या वाडग्यातून येणारं मंच्युरियन इथे स्टीलच्या ताटलीत आलं. कोंबडीची जागा कोबीने घेतली, कारण कोबी स्वस्त. हाडं शिजवून काढलेल्या रसाची जागा पाणी आणि अजिनोमोटोने घेतली, कारण रस करायला वेळ लागतो. आणि तिखट वाढलं, कारण खाणाऱ्याला ते हवं होतं. चायनीज भेळ हीसुद्धा याच शहराची करणी. तळलेल्या नूडल्स, कच्चा कोबी, सिमला मिरची, पातीचा कांदा आणि वरून लाल चटणी. कुरमुऱ्यांच्या जागी नूडल्स आल्या, पण भेळ कालवणारा हात तोच राहिला.

मुंबईत हात तयार झालेले लोक गावी परतताना तो हात घेऊनच परतले. चाकरमानी गणपतीत, शिमग्यात गावी आला की त्याच्या पोरांना जे मुंबईत मिळतं ते गावात हवं असायचं. आणि महाड-पोलादपूर ही गावं मुळातच वाटेवरची. पूर्वी बाणकोटच्या खाडीतून सावित्रीच्या पात्राने होड्या दासगाव, महाडपर्यंत यायच्या, तिथून बैलांच्या पाठीवर माल घाटांनी वर जायचा. आता मुंबई-गोवा महामार्ग आहे. मुंबईहून निघालेल्या माणसाला साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर महाड लागतं, म्हणजे पोटात कावळे ओरडायला लागण्याची बरोबर वेळ. पुढे वीसेक किलोमीटरवर पोलादपूर, जिथून एक वाट आंबेनळी घाटाने प्रतापगड-महाबळेश्वरला चढते आणि दुसरी कशेडीकडून खेडला उतरते. त्यात महाडची औद्योगिक वसाहत. बिरवाडीच्या बाजूला रसायनांच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार आहे. तो नाचणीची भाकरी मागत नाही आणि इथला माणूस लिट्टी मागत नाही. दोघांनाही ओळखीचं असं एकच ताट आहे. कढईमागे उभा असलेला कारागीर तर अनेकदा नेपाळचा असतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे येऊन काम करायला परवाना लागत नाही. सावित्रीकाठी तो मराठीत ऑर्डर घेतो आणि हिंदीत हिशेब सांगतो.

वाटेवर जगणाऱ्या धंद्याला वाटेचे घावही सोसावे लागतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, त्यात दोन एसटी गाड्या आणि मोटारी माणसांसह वाहून गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी या नद्या महाड शहरात शिरल्या, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून गावचं गाव गेलं. महाडच्या बाजारपेठेतल्या तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी उतरल्यावर चिखल उरला. फ्रीज, भट्ट्या, धान्याची पोती, काही राहिलं नाही. आंबेनळी घाट बंद पडला की पोलादपूरच्या हॉटेलांचं अर्धं गिऱ्हाईक थांबतं. उलट कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणपतीआधी एका बाजूने सुरू झाल्यावर प्रवाशांची वाट छोटी झाली, पण जुन्या घाटरस्त्यावरच्या टपऱ्यांची वाट सुनी पडली. रस्ता सुधारतो तेव्हा कोणाच्या तरी चुलीसमोरून तो दूर जातो, आणि त्या चुलीला कुणी भरपाई देत नाही.

आता ज्या कारणासाठी महाडलाच हा विषय मला सर्वांत जवळचा वाटतो त्याकडे येतो. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यांच्यामागून हजारो लोक प्याले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवत असलेल्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, लोकांना मारहाण झाली, शिजवलेलं अन्न मातीत तुडवलं गेलं. नंतर तळ्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. म्हणजे पाणी कोणी कुठे प्यायचं आणि अन्न कोणाच्या हातचं खायचं, हा प्रश्न या गावाच्या इतिहासात रक्ताने लिहिलेला आहे.

आपल्याकडच्या प्रत्येक पारंपरिक पदार्थाला घर आहे आणि घराला जात आहे. बिरडं कोणाचं चांगलं, मटणाचा रस्सा कोणाचा, सांदणं कोणाची, बिर्याणी कोणत्या मोहल्ल्यातली, हे सांगताना आपण नकळत आडनावं सांगत असतो. चायनीज मात्र या तालुक्यात कोणाच्याच घरातून आलं नाही. ते ब्राह्मणाचं नाही, मराठ्याचं नाही, कुणब्याचं नाही, बौद्धवाडीचं नाही, कोकणी मुसलमानांचं नाही. त्याची मूळ चव कोणाच्या आजीच्या हातची नाही, त्यामुळे कोणाच्या हातचं चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही हा हिशेब त्याला लागू करताच आला नाही. जात गेली असं मी म्हणत नाही, ती लग्नाच्या पत्रिकेत आणि गावकीच्या बैठकीत आहेच. पण महाडच्या एखाद्या चायनीज सेंटरात कॉलेजची पाच पोरं एका ट्रिपल राईसमध्ये पाच चमचे घालतात तेव्हा ती आडनावं विचारत नाहीत, आणि कढईवर कोण आहे तेही विचारत नाहीत. ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी जेवणाऱ्या माणसांच्या पुढ्यातलं अन्न तुडवलं गेलं, तिथे हे होतं याचं मोल मला फार वाटतं. सोमवार, गुरुवार आणि श्रावण पाळणाऱ्यांसाठी त्याच कढईवर व्हेज मंच्युरियन, पनीर चिली आणि सोयाबीन चिली आहे. रमजानात उपास सुटल्यावर लॉलीपॉप आहे. एकच यादी सगळ्यांना पुरते.

ट्रिपल राईसचा उल्लेख झालाच आहे तर त्याच्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण तो इथला राजा. खाली फ्राईड राईस आणि नूडल्स एकत्र परतलेल्या, सोबत वाडग्यात किंवा थेट वरून ओतलेली तिखट ग्रेव्ही, त्यावर तळलेल्या नूडल्सचा कुरकुरीत थर आणि अनेक ठिकाणी अंड्याची पोळी. एका प्लेटमध्ये दोन माणसं जेवतात, काटकसरीने तीन. घट्ट, सुटं, ओलं आणि कुरकुरीत असं सगळं एका घासात येतं. भात-आमटी-पापड खाणाऱ्या माणसाची हीच तर आवड. मला वाटतं ट्रिपल राईस मुंबईत जन्मला तरी तो भात खाणाऱ्या लोकांसाठीच जन्मला.

आणि भाताबद्दल रायगडकराला काय शिकवायचं? हा जिल्हा कुलाबा होता तेव्हापासून भाताचं कोठार म्हणून ओळखला जातो. कर्जतच्या संशोधन केंद्रातून भाताच्या कितीतरी जाती निघाल्या. रात्रीचा उरलेला भात सकाळी लसूण-मिरचीच्या फोडणीत परतून खाणं हे इथल्या घराघरातलं. फ्राईड राईसचं तत्त्व नेमकं तेच आहे, आणि त्यामागचं शास्त्रही. गरम भातातलं पिष्ट मऊ आणि चिकट असतं. भात निवला की त्यातले काही रेणू पुन्हा एकमेकांना धरून घट्ट होतात, दाणा कडक आणि सुटा होतो. तोच मोठ्या आचेवर उसळवला तर मोडत नाही. म्हणून चांगल्या चायनीज सेंटरात भात दुपारीच शिजवून परातीत पसरून ठेवलेला दिसतो. ताजा वाफाळता भात कढईत टाकणारा माणूस नवखा आहे हे पहिल्या घासाला कळतं. हे गुपित कोलकात्याच्या चिनी आचाऱ्याला माहीत होतं आणि पोलादपूरच्या डोंगरवाडीतल्या आईलाही.

चिनी हात या मुलखाला पहिल्यांदा लागला तो मात्र हॉटेलांच्या कितीतरी आधी, आणि पोलादपूरच्या अगदी डोक्यावर. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वर वसवायला घेतलं. १८३० च्या दशकात तिथे एक तुरुंग झाला. त्यात सिंगापूर-मलायाकडून पाठवलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. दिवसभर त्यांना बागांत राबवलं जाई. बटाटे आणि विलायती भाज्या पिकवणं, टोपल्या विणणं, वेताच्या वस्तू करणं हे त्यांच्याकडून आसपासच्या लोकांनी उचललं. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. कोयनेच्या बाजूच्या दरीत ज्या धबधब्याशेजारी त्यांच्या बागा होत्या त्याला आजही चायनामन्स फॉल म्हणतात. पर्यटक तिथे फोटो काढतात, पण त्या माणसांना कोणत्या गुन्ह्यासाठी, किती हजार मैलांवरून आणलं होतं हे त्यांना सांगणारी पाटी हवी असं मला मनापासून वाटतं. त्या काळी मुंबईचे साहेब बाणकोटच्या खाडीतून महाडला उतरून, पालखीत बसून घाट चढत. आज त्याच घाटाने महाबळेश्वरची गाजरं खाली येतात. पोलादपूरच्या कढईत पडणाऱ्या भाजीचा महाबळेश्वरशी असलेला धागा जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि त्याच्या एका टोकाला बेड्या आहेत.

चायनीज म्हटलं की लोक आरोग्याचं विचारतात. विचारायलाच हवं. पण बहुतेक बोट जातं ते अजिनोमोटोकडे, आणि मला ते चुकीच्या जागी गेलेलं वाटतं. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रसातून त्याच्या चवीचं मूळ, म्हणजे ग्लुटामेट, शोधलं, पुढल्याच वर्षी ते पूड म्हणून बाजारात आलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र आलं की चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरता येते, आणि तिथून भीती पसरली. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात ती भीती ठामपणे सिद्ध झालेली नाही. टोमॅटोत, सुकटीत, जुन्या चीजमध्ये तोच ग्लुटामेट निसर्गतः असतो. २०१५ मध्ये मॅगीवर देशभर बंदी आली तेव्हा शिसं आणि अजिनोमोटो हे दोन मुद्दे होते. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ ला ती बंदी रद्द केली आणि नमुने नव्याने तपासायला सांगितले.

काळजी करायची ती दोन गोष्टींची. एक, रंग. लॉलीपॉपचा तो भडक लाल रंग मिरचीचा नसतो. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग सापडले होते. त्याच वर्षी गोव्यात म्हापशाच्या पालिकेने जत्रेतल्या गोबी मंच्युरियनलाच मज्जाव केला. पदार्थ हाकलून द्यावा हे मला पटत नाही. रंग हाकलावा. काश्मिरी आणि ब्याडगी मिरची भिजवून वाटली तर जो लाल रंग येतो तो पुरेसा देखणा असतो. दुसरी गोष्ट तेल. मंच्युरियन आणि लॉलीपॉप दोनदा तळले जातात, आणि तेच तेल दिवसामागून दिवस कढईत राहिलं तर ते काळं, दाट, फेसाळ होतं. तळणीच्या तेलातले खराब घटक २५ टक्क्यांवर जाता कामा नयेत असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून आहे. हातगाडीवर ते मोजणार कोण, हा प्रश्न रास्त आहे, पण गिऱ्हाइकाला डोळे आणि नाक आहे. भट्टीजवळ उभं राहून कढईत डोकावून बघावं. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

राहिली शेजवान चटणी, जिच्यावाचून यातलं काहीच उभं राहत नाही. सिचुआनच्या स्वयंपाकाचे दोन खांब म्हणजे आंबवलेल्या वालासारख्या कडधान्याची मिरची घातलेली पेस्ट, आणि ‘हुआजियाओ’ नावाचं जीभ बधिर करणारं फळ. मुंबईत घडलेल्या शेजवानमध्ये दोन्ही नाहीत. त्यात आहे भिजवलेली सुकी मिरची, भरपूर लसूण, थोडं आलं, व्हिनेगर, साखर आणि तेल. म्हणजे आपल्या लसणीच्या चटणीचाच ओला, आंबट अवतार. मिरची तरी कोणाची? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांनी अमेरिकेतून आणली, कोकणाला त्यांनीच दिली, आणि शतक सरता सरता ती चीनलाही पोचली. ही चटणी आज किती मोठा धंदा आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो: जानेवारी २०२४ मध्ये टाटांनी ‘चिंग्ज’ची शेजवान चटणी बनवणारी कॅपिटल फूड्स ही कंपनी ५,१०० कोटींच्या मूल्याने घेण्याचं जाहीर केलं. ती बाटली महाडच्या किराणा दुकानातही आहे. गाड्यांवरची चटणी मात्र अजून त्या-त्या कारागिराची असते, आणि माझ्या मते तीच खरी पारखायची वस्तू आहे. लसूण तेलात मंद परतला आहे की कच्चा वाटून टाकला आहे, मिरचीच्या बिया काढल्या आहेत की नाहीत, तेल सुटेपर्यंत धीर धरला आहे की नाही, हे चमच्याच्या टोकावर कळतं.

आणि इथेच मला महाड-पोलादपूरच्या कारागिरांना एक विनंती करायची आहे. सिचुआनचं ते हुआजियाओ आणि आपलं तिरफळ ही सख्खी चुलत भावंडं आहेत, लिंबाच्या कुळातल्या झँथोझायलम या एकाच वंशातली. सह्याद्रीच्या जंगलात काटेरी खोडाचं तिरफळाचं झाड वाढतं. दक्षिण कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या, तारलीच्या तिखल्यात त्याच्यावाचून चालत नाही. जीभ झणझणवणारा गुण दोघांत एकाच जातीच्या द्रव्यांमुळे येतो. चवीत थोडा फरक आहे, तिरफळाला लिंबाच्या सालीसारखा, किंचित रानटी वास आहे. म्हणजे मुंबईत शेजवान घडताना त्याचा जो खांब गळून पडला तो कोकणातच उभा होता, कोणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. घरी मी ते करून पाहिलं आहे. वाळलेली तिरफळं फोडून आतली काळी बी टाकून द्यायची, ती कडवट आणि दाताखाली खरखरीत लागते. वरची साल कोरडीच, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायची आणि खलबत्त्यात भरड कुटायची. वाटीभर शेजवान चटणीला चहाच्या चमच्याचा पाव भाग पुरतो, आणि तो चटणी उतरवल्यावर घालायचा, कारण फार शिजलं की वास मरतो. कोळंबी शेजवानमध्ये ती सर्वांत खुलते. बाणकोटच्या खाडीची कोळंबी महाडच्या बाजारात सकाळी येते, तिरफळ कोकणातल्या वाण्याकडे मिळतं, आणि भट्टी तर रोज संध्याकाळी पेटतेच.